ट्रेलरचा खटका: एकासाठी स्क्रू फिरवला आणि दुसऱ्याचं लॉक बसेना

गाड्या आणि माणसं

माझं काम मेंटेनन्सचं, म्हणजे कागदावर सुपरवायझर आणि प्रत्यक्षात जो फोन कोणी उचलत नाही तो उचलणारा. ट्रान्सपोर्ट छोटं आहे, ऑफिस वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळ, तीन घोडे (म्हणजे ट्रेलर ओढणारे पुढचे ट्रक) आणि पाच ट्रेलर, सगळे कंटेनरवाले. १९८९ ला न्हावा शेवा सुरू झालं आणि कंटेनरचा धंदा हळूहळू खाडीपलीकडे सरकला, पण आमच्यासारख्यांची ऑफिसं जुन्या जागीच राहिली, त्यामुळे गाड्या रोज उरण साइडहून गव्हाणफाटा, सायन-पनवेल हायवे, वाशीचा खाडीपूल, मानखुर्द अशा येत-जात असतात. नावं कोणाचीच देत नाही, घोड्यांना ए, बी, सी म्हणू आणि ट्रेलरला एक ते पाच नंबर.

घोडे तीन आणि ट्रेलर पाच याचा अर्थ कुठलाही घोडा कुठल्याही ट्रेलरला लागतो. एक ट्रेलर गोडाऊनला खाली होत असतो, एक यार्डात भरून उभा, घोडा एकाला सोडून दुसऱ्याला लावून निघतो. हे आधीच सांगून ठेवतोय कारण सगळं प्रकरण शेवटी इथेच येऊन अडकतं.

ज्यांनी घोडा-ट्रेलर जोडताना कधी बघितला नाही त्यांच्यासाठी: घोड्याच्या पाठीवर जी मोठी ग्रीस लावलेली प्लेट असते ते फिफ्थ व्हील. ट्रेलरच्या पोटाखाली पुढे एक जाड पिन लोंबते, ती किंगपिन. घोडा रिव्हर्स घेत ट्रेलरखाली शिरतो, पिन प्लेटच्या खाचेत येते, ती जॉला, म्हणजे पिन पकडणाऱ्या जबड्याला, ढकलते, जॉ पिनेभोवती बंद होतो, आणि स्प्रिंगच्या जोरावर लॉक बार जॉच्या मागे येऊन बसतो. तेव्हा बाजूचं हँडल आपोआप आत जातं आणि त्याच्यावर सेफ्टीची पट्टी पडते. म्हणजे ३० टनाचा भरलेला कंटेनर ओढला जातो तो दोन इंची पिनेच्या मानेवर, दुसरं काहीही नाही.

काय होत होतं

२०२३ चा जुलै, पाऊस दणकून. ए घोड्यावरचे काका (पन्नाशीचे, बीडकडचे, आमच्याकडे बारा वर्षं) आले आणि म्हणाले तीन नंबर लावला की ब्रेकला मागून धक्का बसतो आणि गाडी उचलताना खट्ट आवाज येतो, मानखुर्दच्या सिग्नलला तर कंबरच हलली. मी म्हटलं बघतो. बघितलं नाही, खरं सांगतो, त्या आठवड्यात बी घोड्याचा क्लच गेला होता.

दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा ब्रेकची शंका आली, कारण ट्रेलरचे ब्रेक घोड्यापेक्षा उशिरा लागत असतील तरी ट्रेलर मागून ढकलतो आणि ड्रायव्हरला सेम तोच धक्का लागतो. पण ब्रेक लेट असेल तर धक्का फक्त थांबताना येतो. इथे निघताना पण खट्ट होतं, म्हणजे कुठेतरी मोकळी जागा आहे. मग सोपी टेस्ट केली, ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवले, काकांना पहिल्या गिअरमध्ये हळूच पुढे आणि मग रिव्हर्समध्ये हळूच मागे खेचायला लावलं, मी बाजूला उभं राहून बघितलं (मध्ये कोणी उभं राहायचं नाही, हे क्लीनर पोराला दोनदा ओरडून सांगावं लागलं). ट्रेलर जागेवर आणि घोडा काही मिलिमीटर पुढे-मागे. डोळ्याला दिसत होतं. म्हणजे प्ले (ढिलाई) कपलिंगमध्येच, घोडा-ट्रेलरच्या जोडात.

पहिला इलाज

शेठचं म्हणणं, गाडी चालतेय ना, खाडा नको. त्यांचंही चुकीचं नव्हतं, एक घोडा आधीच उभा होता. मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री अनुभवी माणूस, त्यांनी एकदा हलवून बघितलं आणि म्हणाले जॉ सैल झालाय, ॲडजस्ट करून देतो.

फिफ्थ व्हीलच्या बाजूला एक ॲडजस्टिंग स्क्रू असतो. लॉक बार किती आत जाऊन थांबणार ते तो ठरवतो. जॉ आणि पिनेला टेकणारी आतली रिंग झिजली की स्क्रू मागे घ्यायचा म्हणजे बार अजून आत जातो आणि ढिलाई संपते. मिस्त्रींनी तीन नंबर लावलेलाच होता, तसाच स्क्रू मागे घेतला, परत पुढे-मागे करून बघितलं, प्ले गायब. दहा मिनिटांचं काम, दोनशे रुपये आणि चहा. काका खूश, शेठ खूश, मी पण.

मी विचारलं होतं की पिन मोजायची का. मिस्त्रींनी त्याआधीच्या महिन्यात व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला होता, ४९.९ आली होती म्हणे. दोन इंची पिन नवी असताना मानेला ५०.८ मिलिमीटर असते आणि ४९ च्या खाली गेली की बाद. म्हणजे ४९.९ ला चिंता नाही. मी तिथेच विषय सोडला, माझा पहिला निर्णय इथे चुकला, तो कसा ते पुढे येतंच.

यार्डातली रात्र

अकरा दिवस काही झालं नाही. योगायोगाने ए घोडा तेवढे दिवस तीन नंबरलाच होता. बाराव्या दिवशी रात्री उरण साइडच्या एका यार्डातून पाच नंबर उचलायचा होता, भरलेला, पहाटे भिवंडीला पोचवायचा. पाच नंबरची किंगपिन आम्ही मागच्याच वर्षी नवी टाकलेली.

रात्री पावणेबाराला काकांचा फोन. पाऊस एवढा की अर्धं ऐकू येईना. हँडल पूर्ण आत जात नाहीये, बोटभर बाहेर राहतंय, सेफ्टीची पट्टी पडत नाही. दोनदा सोडून परत लावलं, तेच. खेचून बघितलं तर धरतंय.

मी फोटो मागवला. व्हॉट्सॲपवर फोटो आला, टॉर्चच्या उजेडात काळं ग्रीस, पाणी, आणि जॉ बंद दिसतोय असं मला वाटलं. मी लिहिलं, "बंद आहे काका, चिखल अडकला असेल हँडलमध्ये, हातोडीने हलकं ठोका आणि या सावकाश."

काकांनी ठोकलं नाही. त्यांनी परत फोन केला आणि म्हणाले, "साहेब, फोटोत सगळंच चांगलं दिसतं. मी नेत नाय. तुम्ही या सकाळी." आणि फोन ठेवला. बारा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा नाही म्हटलं.

त्यांनी जे बघितलं ते मी बघितलंच नव्हतं. जॉ बंद होता हे खरं, पण लॉक बार जॉच्या मागे अर्धाच आला होता. अशा अवस्थेत खेचून बघितलं तर धरतं, एकदा धरतं, दहादा धरतं, आणि मग गव्हाणफाट्याच्या खड्ड्यांत धक्के खात बार हळूहळू मागे सरकतो. पिन सुटली तर ट्रेलरला हवा देणारा लाल पाईप तुटतो आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात, पण तोवर ट्रेलरचं नाक रस्त्यावर आपटलेलं असतं आणि ट्रेलरचे टेकायचे पाय वर गुंडाळलेले. मागे किंवा बाजूला बाईकवाला असेल तर विषय संपला.

शेठ सकाळी सातला माझ्यावर चढले, पार्टीचा माल लेट, यार्डाचं भाडं वेगळं. मी काकांचं नाव पुढे केलं नाही, मीच थांबवलं म्हणालो. हे थोडं खोटं होतं पण त्या दिवशी तेवढं चाललं.

सोडवायचं कसं

सकाळी आठला पोचलो तर आता उलटा प्रॉब्लेम, हँडल आतही जाईना आणि बाहेरही येईना. रात्रीत ट्रेलर थोडा मागे रेलला होता आणि पिनेचा सगळा दाब जॉवर. यार्डातले चार जण चार सल्ले घेऊन हजर. एक म्हणे घण मारा. एक म्हणे गॅस कटरने हँडलचा रॉडच कापा, नवीन वेल्ड करू. एक जण तर टॉमी घेऊन खाली शिरायलाच निघाला होता, त्याला शर्टाला धरून बाहेर काढलं.

घण मारला असता तर रॉड वाकला असता आणि परत कधीच सरळ बसला नसता. कटर तर ग्रीस आणि कंटेनरमधला माल बघता डोक्यातूनच काढून टाकला. आम्ही केलं ते साधंच: ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके, ट्रेलरचे ब्रेक लावलेले, पायांचं हँडल फिरवून पाय जमिनीला टेकवले आणि वर दोन-चार फेऱ्या जास्त, म्हणजे प्लेटवरचं वजन हलकं झालं. मग काकांनी घोडा रिव्हर्समध्ये अगदी इंचभर मागे रेटून धरला. मागे रेटलं की जॉवरचा दाब सुटतो. लांब आकड्याची सळई घेऊन बाजूने हँडल ओढलं. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा अर्धं, तिसऱ्यांदा खाडकन बाहेर आलं.

घोडा पुढे काढला आणि तसाच रिकामा वडाळ्याला आणला. पाच नंबर बी घोड्याने उचलला (क्लच आदल्याच दिवशी झाला होता), त्याच्यावर लॉक पहिल्या फटक्यात बसलं, पट्टी पण पडली. म्हणजे पाच नंबरमध्ये काही दोष नाही. हा एक क्लू फुकटात मिळाला.

माप

फिफ्थ व्हील आधी धुतलं. धुतलं म्हणजे खरवडलं, कारण वर्षानुवर्षं ग्रीसवर ग्रीस, त्यात वाळू, वर कोणीतरी इंजिनचं काळं ऑइल ओतलेलं. ग्रीस संपलं की काळं ऑइल ओतायची सवय सगळीकडे आहे, वंगण मिळतं असं वाटतं, पण पावसात ते धुऊन जातं आणि मागे राहते ती रेती. सगळं निघाल्यावर आतली रिंग एका बाजूने घासलेली दिसली, जॉ पण, पण एवढा प्ले येईल इतका नाही.

मग तीन नंबर. रिकामा करून पायांवर उभा केला, पुढे खाली लाकडी स्लीपर रचले (नुसत्या पायांच्या भरवशावर ट्रेलरखाली जायचं नाही), आणि किंगपिन रॉकेलने पुसून मीच व्हर्नियर लावला. डावी-उजवीकडून ४९.९. मिस्त्री खरं बोलत होते. मग सहज म्हणून पुढून-मागून लावला. ४८.३.

दोन मिनिटं मला कळेचना. परत लावला. ४८.३. पिन गोल राहिलीच नव्हती, अंड्यासारखी झाली होती. ओढताना आणि ब्रेकला जोर पडतो तो पुढून आणि मागून, बाजूने जवळजवळ नाहीच, मग झिजणार पण तिथेच. बाजूने मोजली तर पिन कायम बरीच दिसते. मिस्त्रींनी एकाच दिशेने मोजली, मी विचारलंही नाही कुठून मोजली.

त्याच दिवशी मिळतील तसे सगळे ट्रेलर दोन्ही दिशांनी मोजले. पुढून-मागून माप असं आलं: एक नंबर ४९.८, दोन नंबर ४८.९, तीन नंबर ४८.३, चार नंबर ४९.६, पाच नंबर ५०.७. पाचातले दोन बाद.

आता सगळं जुळलं. ढिलाई मुख्यतः तीन नंबरच्या पिनेत होती, फिफ्थ व्हीलमध्ये थोडीच. मिस्त्रींनी त्या झिजलेल्या पिनेवर स्क्रू सेट केला, म्हणजे बार जरुरीपेक्षा आत जाईल असा. तीन नंबरला मस्त बसलं. मग तोच घोडा ५०.७ च्या जाड पिनेखाली गेला तर बारला आत जायला जागाच नाही, तो मध्येच पाचरीसारखा अडकला, म्हणून हँडल बोटभर बाहेर आणि म्हणूनच सोडताना पण जाम. बी घोड्याच्या स्क्रूला कोणी हात लावला नव्हता, तो पहिल्या फटक्यात बसला.

पर्याय

एक, स्क्रू परत जुन्या जागी आणा आणि चालवा. फुकट, पाच नंबरचा धोका जातो, पण तीन नंबरचा खटका परत येतो आणि तो खटका दर ब्रेकला घोड्याचा जॉ खातो. एक झिजलेली पिन तिन्ही घोडे खराब करते, हे शेठना समजावायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

दोन, घोडा-ट्रेलर जोड्या बांधून टाका, ए ला फक्त तीन नंबर. कागदावर छान. पाच ट्रेलर तीन घोड्यांत कसे बांधणार?

तीन, पिनेवर वेल्डिंगचा भर चढवून ग्राइंडरने घासून गोल करा. वेल्डिंगवाला तयारच होता, संध्याकाळपर्यंत देतो म्हणाला, नवीन पिनेच्या साधारण पाचव्या हिश्श्यात. शेठचा कल इकडे. मी इथे अडून बसलो. ही पिन साध्या लोखंडाची नसते, फोर्ज केलेली आणि हीट ट्रीटमेंट दिलेली असते, भर चढवला की त्या उष्णतेने मानेजवळचा भाग ठिसूळ होतो, बारीक तडा जातो आणि तो ग्रीसखाली कोणाला दिसत नाही. माप बरोबर येईल, पिन तुटेल.

चार, तीन आणि दोन नंबरच्या पिना नव्या, ए घोड्याच्या फिफ्थ व्हीलला जॉ-रिंग-स्प्रिंगचा किट, आणि मग नवीन पिनेवर स्क्रू सेट. खर्च जास्त आणि तीन नंबर आठवडाभर उभा.

शेवटी शेठना मी हिशोब नाही दाखवला, काकांनी त्या रात्री जे सांगितलं ते सांगितलं आणि त्यांना ४८.३ ची पिन स्वतःच्या बोटाने चाचपून बघायला लावली. कडा नखाला लागत होती. चौथ्या पर्यायाला हो म्हणाले, फक्त दोन नंबर पंधरा दिवसांनी करू असं ठरलं. हे मला पटलं नव्हतं, पण दोन नंबर तेवढे दिवस फक्त रिकाम्या कंटेनरला वापरायचा या अटीवर मान्य केलं.

काय केलं

आधी एक गंमत. स्पेअरच्या दुकानात फोन करून "किंगपिन किट पाठवा" म्हटलं तर पोरगा पुढच्या ॲक्सलचा किंगपिन किट घेऊन आला, स्टिअरिंगचा. दोघांचं नाव एकच. अर्धा दिवस गेला. आता मी "ट्रेलरची कपलिंग पिन, दोन इंची" असं म्हणतो.

तीन नंबरची पिन वेल्डवाली होती, बोल्टवाली नाही, म्हणून ती कळंबोलीच्या ट्रेलर वर्कशॉपला न्यावी लागली. तिथे सरळ पट्टी लावली तर पिनेभोवतीची प्लेट पण थोडी खाली फुगलेली निघाली. नुसती पिन बदलली असती तर ट्रेलर फिफ्थ व्हीलवर सपाट बसलाच नसता. प्लेटसकट काम झालं, सहा दिवस लागले. दोन नंबरची बोल्टवाली होती, ती नंतर अर्ध्या दिवसात बदलली, बोल्ट नवे टाकून आणि टॉर्क रेंचने. जुने बोल्ट परत वापरायचा आग्रह तिथेही झाला, नेहमीप्रमाणे.

ए घोड्याला किट बसवला आणि स्क्रू सेट केला पाच नंबरवर, कारण तीच सगळ्यात जाड पिन. मग एकेक करून सगळे ट्रेलर त्याच्याखाली लावून बघितले. दर वेळी तेच: ट्रेलरची प्लेट फिफ्थ व्हीलपेक्षा थोडी खालीच आहे ना, म्हणजे घोडा शिरताना ट्रेलर उचलला जातो (ट्रेलर उंच राहिला तर पिन जॉच्या वरच बसते, तो वेगळाच अपघात), दोन प्लेटमध्ये फट नाही ना, हँडल आत, पट्टी खाली, मागून टॉर्च मारून बार पूर्ण आलाय ना, मग खेचून बघणं. खेचणं शेवटी, आधी डोळ्याने.

नंतर

तीन नंबरचा खटका गेला. पाच नंबरला हँडल आता दोन बोटांनी निघतं. काकांनी पहिल्या फेरीनंतर फोन केला तो फक्त एवढं सांगायला की "कंबर वाचली".

दोन नंबरला नवी पिन टाकूनही थांबताना धक्का येतच होता, निघताना नाही. तो खरोखर ब्रेकचा निघाला, एका चाकाचा स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकची ढिलाई काढणारा भाग) जाम झाला होता. म्हणजे मला पहिल्या दिवशी आलेली शंका चुकीच्या ट्रेलरबद्दल होती.

मिस्त्री आठ दिवस रुसून होते. मग स्वतःच आले आणि बी-सी घोड्यांचं ग्रीस खरवडून दिलं.

परत करायचं तर

मिस्त्रींना दोष देणं सोपं आहे, पण त्यांना मी बोलावलं होतं आणि "गाडी आजच निघायला हवी" हे पण मीच म्हटलं होतं. त्या दिवशी स्क्रूला हात लावायच्या आधी पिन दोन्ही बाजूंनी मोजली असती तर वीस मिनिटं जास्त गेली असती. आणि सेट केल्यावर लगेच सगळ्यात जाड पिनेच्या ट्रेलरखाली लावून बघितलं असतं तर गोष्ट यार्डापर्यंत गेलीच नसती.

फोटोवरून मी हो म्हणालो ते मला अजून टोचतं. आता नियम असा केलाय की पट्टी पडली नाही तर गाडी हलत नाही आणि त्यासाठी मला फोन करायची पण गरज नाही, ड्रायव्हरने ठरवलं की ठरलं. शेठनी याला मान डोलावली आहे, पहिल्यांदा खरोखर माल लेट होईल तेव्हा कळेल.

दोन नंबर पंधरा दिवस चालू ठेवला ते बरोबर होतं का यावर माझं मत अजून डळमळतं. रिकाम्या कंटेनरलाच वापरला हे खरं, पण ४८.९ ही बादच पिन होती. काही झालं नाही म्हणून ते बरोबर ठरत नाही.

सध्या पावसाळ्यात दर दहा दिवसांनी जुनं ग्रीस काढून नवीन, काळं ऑइल बंद. प्रत्येक ट्रेलरच्या पुढच्या बाजूला पांढऱ्या रंगाने पिनेचं माप आणि तारीख लिहिली आहे, दोन आकडे, डावी-उजवीकडून आणि पुढून-मागून. चार नंबर मागच्या आठवड्यात परत मोजला, ४९.४ आलाय, शेठना दिवाळीच्या आधी खर्च धरून ठेवा म्हणून सांगितलंय.